आहार, पाणी आणि व्यायाम : नाशिक परिसर

रोजचे जेवण, पुरेसे पाणी आणि अंगमेहनत यांचा मेळ हा आरोग्याचा पाया समजला जातो. नाशिक जिल्ह्यात हा मेळ तालुकागणिक बदलतो, कारण पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हा पट्टा भरपूर पावसाचा असून तेथे भात, नागली (नाचणी) व वरई पिकते, तर पूर्वेकडील सिन्नर, येवला, नांदगाव हा भाग पर्जन्यछायेचा असून तेथील जुने मुख्य अन्न बाजरीची भाकरी आहे. शहरातील ताटात गव्हाची पोळी आणि पांढरा भात यांनी ही भरड धान्ये बरीच मागे सारली आहेत.

पोषणाच्या दृष्टीने हा बदल फायद्याचा ठरलेला नाही. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात त्याच्या साधारण दहावा हिस्सा आणि पॉलिश केलेल्या तांदळात त्याहूनही कमी असते. मात्र दाण्यातील फायटिक आम्ल हे कॅल्शियम व लोह बांधून ठेवते, म्हणून नागलीला मोड आणणे किंवा पीठ रात्रभर आंबवून आंबील करणे या घरगुती क्रिया केवळ चवीसाठी नाहीत. त्यांमुळे फायटिक आम्ल घटते आणि खनिजे अधिक शोषली जातात. नागलीत ग्लूटेन (पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन) नसल्याने थंड पाण्यात मळलेल्या पिठाची भाकरी थापताना फाटते, आणि त्यासाठी आधी उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढतात. बाजरीतून लोह मिळते. तिच्यासोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरू खाल्ल्यास क जीवनसत्त्वामुळे ते लोह अंगी लागते. जेवणाला लागून घेतलेला चहा त्यातील टॅनिनमुळे नेमके उलट करतो, पण जेवण होताच आधण ठेवणाऱ्या घरांत हे सांगूनही कोणी फारसे मनावर घेत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. प्रत्यक्षात भारतीय आहारात तो ५० ते ७० टक्के असतो. म्हणजे पोळी-भात कमी पडत नाही, कमी पडतात त्या डाळी, उसळी, भाज्या आणि फळे. या संदर्भात नाशिकची मिसळ विचारात घेण्याजोगी आहे. मोड आलेल्या मटकीत प्रथिने व तंतू भरपूर असतात, धान्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल कडधान्यातून मिळते, आणि सोबतचे दही व कच्चा कांदाही उपकारकच. अडचण असते ती वर तरंगणाऱ्या तर्रीची, फरसाण-पापडातील तेलमिठाची आणि रश्श्याच्या ओघात वाढत जाणाऱ्या पावांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ खावे. फरसाण, पापड आणि लोणचे एकाच जेवणात आले की ही मर्यादा सहज गाठली जाते. मिसळ वर्ज्य करण्याचे कारण नाही. उसळ जास्त, तर्री-फरसाण कमी आणि पाव दोनच, एवढे पथ्य पुरेसे आहे.

द्राक्षांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रॅम साखर असते. बेदाण्यांत पाणी उडून गेल्याने ती तितक्याच वजनात कितीतरी जास्त भरते, हे मधुमेही व्यक्तींनी ध्यानात ठेवावे.

पाण्याची गरज ऋतू आणि काम यांवर ठरते. प्रौढासाठी दिवसाला सुमारे २ लिटर हे ढोबळ प्रमाण आहे, परंतु नाशिकच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळून अंगातून किती पाणी गेले ते कळत नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागांत खरड छाटणी चालते तेव्हा मजूर तासन्‌तास हात वर करून कात्री चालवत असतात. अशा कामात तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी, आणि घामावाटे सोडियमही जात असल्याने मीठ-जिरे घातलेले ताक घेणे योग्य ठरते. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची सोपी खूण आहे. जुलाब होत असतील तर तयार जलसंजीवनीची पुडी उत्तम. ती नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून द्यावे. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत तहानच मंदावते, आणि वृद्धांच्या हे लक्षातही येत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

व्यायामाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगितला आहे. यातला पहिला भाग नाशिककर गोल्फ क्लब मैदानावरील सकाळच्या फेऱ्यांनी पुरा करतात; दुसरा बहुतेकांचा राहून जातो. चालण्याने दंड, खांदे व पाठ यांना फारसे काम मिळत नाही, त्यामुळे जोर, बैठका किंवा वजने यांची जोड हवी, विशेषतः चाळिशीनंतर, कारण वयानुसार स्नायू झिजतात. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालल्यास रक्तातील साखरेची वाढ सौम्य राहते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यावर जिल्ह्यात धावण्याचे आकर्षण वाढले. मात्र नवख्या व्यक्तीने अंतर हळूहळू वाढवावे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्याने हृदय-फुप्फुसांना आणि मांड्यांना चांगला व्यायाम होतो, परंतु उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येत असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी सपाट मैदानच निवडावे.