ओपनसुसेच्या नावाचा वाद: पार्श्वभूमी

ओपनसुसे ही लिनक्सवर उभी असलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी संगणक प्रणाली. जुलै २०२४मध्ये ती बनवणाऱ्या प्रकल्पाला सुसे या मूळ कंपनीकडून विचारणा झाल्याचं उघड झालं: नावातला ‘सुसे’ हळूहळू सोडून देता येईल का? वकिलाची नोटीस नव्हती, सभ्य भाषेतली विनंती होती. तरी ती लागायची तिथं लागली. कोल्हापुरात ही प्रणाली रोज वापरणारे आम्ही मूठभर, पण त्यातही लगेच दोन तट पडले. एक म्हणे, त्यांचं नाव त्यांना देऊन टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणे, इतकी वर्षं नाव वाढवलं कुणी?

नाव जर्मन आहे. १९९२ साली सुरू झालेल्या कंपनीच्या जर्मन नावातली ही आद्याक्षरं. अर्थ साधारण ‘सॉफ्टवेअर आणि प्रणाली विकास’. आधी अक्षरांमध्ये टिंबं होती, पुढं ती गेली. कोल्हापूरकराला ही गोष्ट चटकन कळते. १९६२मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचं नाव ‘शिवाजी विद्यापीठ’ असं आटोपशीर ठेवलं, कारण नाव लांबवलं की त्याची आद्याक्षरं होतात आणि महाराजांचं नावच तोंडून जातं, असा विचार त्यामागं सांगितला जातो. नामविस्ताराची मागणी झाली तेव्हा शहरात दोन्ही बाजूंनी पोटतिडकीनं बोललं गेलं. सुसेचं नेमकं उलट झालं. आद्याक्षरंच नाव झाली, विस्तार कुणाला आठवेना.

‘ओपन’ हा शब्द उशिरा आला. कंपनी अमेरिकी मालकाकडं गेल्यावर २००५मध्ये विकास सर्वांसाठी खुला झाला, आणि डिसेंबर २००६मधल्या १०.२ आवृत्तीपासून वितरणाचं, म्हणजे लिनक्सच्या वापरायला तयार संचाचं, नावही ओपनसुसे झालं. आम्ही ते मासिकासोबत आलेल्या डीव्हीडीवरून चढवलं होतं. तेव्हा आमच्यात कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही. शब्द जोडला गेला होता, काढला नव्हता.

त्याच सुमारास मँड्रेक लिनक्सला मात्र नाव सोडावं लागलं. जादूगार मँड्रेकच्या हक्कदारांनी हरकत घेतली, फ्रान्समधल्या कोर्टात निकाल विरोधात गेला, आणि २००५मध्ये एका ब्राझिली कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर दोन्ही नावं जोडून ‘मँड्रिवा’ झालं. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे बोचलं. २०१०मध्ये त्यातून फुटून निघालेल्यांनी नव्या वितरणाला ‘मॅजिया’ म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जादू. हिसकावलेलं नाव लोक असं दुसऱ्या दारानं परत आणतात.

नाव म्हणजे फक्त पाटी नव्हे, हे मला २०१८मध्ये कळलं. त्याआधी आवृत्तीच्या आकड्यांनी घोळ घातलाच होता: १३.२ नंतर एकदम ४२.१, आणि ४२.३ नंतर मागं येऊन १५.०. प्रत्येक लिनक्स यंत्रात स्वतःची ओळख सांगणारी एक छोटी फाईल असते. ४२.३मध्ये त्यातली ओळख नुसती ‘ओपनसुसे’ होती, १५.०मध्ये ती ‘ओपनसुसे-लीप’ झाली (लीप हे ४२.१पासूनच्या आवृत्त्यांच्या मालिकेचं नाव). शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात मी शनिवारी आवृत्ती बदलली. सोमवारी सकाळी प्रिंटर चालेना. तो बसवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, ओळखीच्या ओळीत जुनं नाव शोधत होती. ते मिळालं नाही म्हणून ‘ही प्रणाली चालत नाही’ असं सांगून थांबत होती. दारात माल भरलेला टेंपो उभा, आणि चलन निघत नाही. एक ओळ दुरुस्त केल्यावर काम झालं. मालक एवढंच म्हणाले, “नाव काय बी ठेवा, पण एकदाच ठेवा की.” पुढच्या सगळ्या चर्चेत हे वाक्य माझ्या मनात राहिलं.

आता २०१९चं मतदान, कारण खरी गाठ तिथं आहे. प्रकल्पाला स्वतःची स्वतंत्र संस्था हवी होती: देणग्या घेता याव्यात, करार करता यावेत. पण नावाचा ट्रेडमार्क कंपनीचाच राहणार. मग दुसऱ्याच्या नावावर स्वतःची संस्था उभी करायची, की आधी नाव बदलायचं? बदल हवा असणारे म्हणत, विकतच्या उत्पादनात आणि आपल्यात लोक गल्लत करतात, शिवाय रोमन लिपीत ‘ओपन’ लहान आणि ‘सुसे’ मोठ्या अक्षरांत, हे कुणी धड लिहीत नाही. (देवनागरीत लहानमोठी अक्षरंच नसल्यानं हा मुद्दा आपल्याकडं जाणवतही नाही.) विरोध करणारे म्हणत, ओळख बनायला वर्षं लागतात, अडचणींवर इंटरनेटवर शोधून सापडणारी सगळी जुनी उत्तरं याच नावाखाली आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मतदान झालं. बदलाच्या बाजूनं ४२, विरोधात २२५. कौल स्पष्ट होता. मात्र ही सगळी मिळून २६७ मतं. मताचा हक्क सभासदांना, आणि सभासदत्व सातत्यानं योगदान दिल्याचं मान्य झाल्यावर. पद्धत म्हणून हे रास्त आहे. काम करणाऱ्यानं ठरवावं. पण यंत्रं बसवून देणारे, कॉलेजातल्या पोरांना शिकवणारे, रात्री फोनवर प्रिंटर सुरू करून देणारे आम्ही ‘समुदाय’ या शब्दात बसतो की नाही, हे त्या मतदानानं सांगितलं नाही. मला विचारलं असतं तर मीही विरोधातच मत दिलं असतं.

म्हणूनच २०२४ची विनंती अनेकांना जुनी जखम उकरल्यासारखी वाटली. सभासदांनी एकदा कौल दिला होता आणि ट्रेडमार्कवाल्यानं तोच प्रश्न पुन्हा टेबलावर ठेवला. कायद्यानं हक्क त्यांचा आहे, यात वाद नाही. शिवाय त्यांचे अनेक पगारी अभियंते या प्रकल्पावर राबतात, हेही विसरता येत नाही. नाव बदलायचंच असेल तर कारभाराची घडीही त्याच वेळी नीट बसवावी, असं सुचवणारे होते, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

ऑक्टोबर २०२५मध्ये लीप १६ आली, ती ओपनसुसे याच नावानं. उद्यमनगरातल्या त्या यंत्रावर ती चढवण्याआधी मी नव्या आवृत्तीतली ओळखीची फाईल उघडून पाहिली. ‘ओपनसुसे-लीप’ जसंच्या तसं होतं. चलन पहिल्या फटक्यात निघालं.