सोनेरी बांबू लेमूर

मादागास्करच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ पावसाळी जंगलात राहणारा, साधारण दीड किलो वजनाचा लेमूर (माकडांचा दूरचा नातेवाईक). शास्त्रीय नाव हॅपालेमर ऑरियस. तोंड काळे, भुवया, गाल व पोट सोनेरी, पाठ तपकिरी. १९८६ च्या सुमारास प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिशिया राइट मोठ्या बांबू लेमूरच्या शोधात रानोमाफानाच्या जंगलात फिरत असताना त्यांना हा वेगळाच प्राणी दिसला. १९८७ मध्ये नवी जाती म्हणून त्याची नोंद झाली आणि १९९१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. रानोमाफाना म्हणजे मालागासी भाषेत 'गरम पाणी'. तिथल्या उन्हाळ्यांवरून (गरम पाण्याच्या झऱ्यांवरून) हे नाव पडले.

या लेमूरचे सगळे जगणे एका राक्षसी बांबूभोवती फिरते. कॅथारिओस्टॅकिस मॅडागास्करिएन्सिस हा तो बांबू. लेमूर त्याचे कोवळे कोंब आणि पानांचे मऊ देठाकडचे भाग खातो, आणि नेमके याच भागांत सायनाइड असते. बांबूच्या पेशींत सायनाइड बांधून ठेवणारे संयुग आणि ते फोडणारे विकर (एन्झाइम) वेगवेगळे साठवलेले असतात. चावले की दोन्ही एकत्र येऊन विष सुटते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १०० ग्रॅम ताज्या कोंबांत सुमारे १५ मिलिग्रॅम सायनाइड आढळले. प्राणी दिवसाला अर्धा किलो बांबू खातो, म्हणजे ७५ मिलिग्रॅम सायनाइड: त्याच्या आकाराच्या प्राण्याला मारण्यास लागते त्याच्या सुमारे बारापट. महाराष्ट्रातही बांबूचे वास्ते चिरून, पाण्यात भिजवून, उकळून पाणी फेकून मगच भाजी करतात, ते असेच विष काढून टाकण्यासाठी. लेमूर मात्र ते कच्चेच खातो.

याच जंगलात आणखी दोन बांबू लेमूर आहेत. मोठा बांबू लेमूर जून बांबू दातांनी उभा फाडून आतला गर काढतो. त्यामुळे चिरफाळलेला बुंधा दिसला तर तो सोनेरीचा माग समजू नये.

सोनेरी लेमूर दोन ते सहाच्या कुटुंबात राहतो, पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो. पावसाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, मादीला बहुधा एकच पिल्लू होते. सुरुवातीचे दोन आठवडे ती त्याला दाट पाल्यात लपवून चरायला जाते. म्हणून या काळात झुडपे तोडत किंवा गर्दीने आत शिरणे घातक ठरते.

प्रदेश मुळातच छोटा: रानोमाफाना, दक्षिणेकडचे अँड्रिंगिट्रा राष्ट्रीय उद्यान आणि या दोहोंमधला जंगलपट्टा. जाती 'अतिसंकटग्रस्त' गणली जाते. 'ताव्ही', म्हणजे जंगल जाळून केलेली डोंगरउतारावरची भातशेती, हा मुख्य धोका. बांबूची तोड आणि शिकार आहेच. झाडे पडून उजेड आला तर बांबू उलट फोफावतो, त्यामुळे झाडांच्या मोजक्या तोडीने हा लेमूर लगेच संपत नाही. उतार पुन्हा पुन्हा जाळला गेला की मात्र त्याचे अन्नच नाहीसे होते. मधला पट्टा तुटला तर दोन्ही टोकांच्या टोळ्यांची एकमेकींशी गाठ पडणार नाही. म्हणून उद्यानांइतकेच त्या पट्ट्याचे संरक्षण गरजेचे आहे.