आतड्याचा फिस्टुला म्हणजे भगंदर नव्हे (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

दुकानात येऊन निम्मे लोक विचारतात, "भगंदराची पिशवी आहे काय?" चिठ्ठीवर फिस्टुला लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे फिस्टुला म्हणजे भगंदर हे डोक्यात फिट्ट. भगंदर गुदद्वाराजवळ होतो, सुश्रुतांनी त्याचे पाच प्रकार सांगून ठेवलेत, पण त्याला पिशवी लागत नाही हो. पोटाला चिकटवायची पिशवी लागते ती आतड्याच्या फिस्टुलाला, म्हणजे आतड्याला भोक पडून आतलं पाणी, पित्त, मल पोटाच्या कातडीतून बाहेर येतं तेव्हा. बहुतेक वेळा हा पोटाच्या ऑपरेशननंतर होतो, बाकी टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार), कॅन्सर, रेडिएशन.

जुनी गोष्ट सांगतो, आतड्याची नव्हे, जठराची. 1822 साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदूक लागली, जखम भरली पण जठराला भोक राहिलंच, आणि डॉ. बोमाँट त्यातून रेशमी दोऱ्याला मांस बांधून आत सोडायचे आणि बाहेर काढून किती पचलं ते बघायचे! आतड्याच्या पेशंटचे मात्र हाल होते. 1960 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी 157 पेशंटचा हिशेब छापला, त्यात 43 टक्के गेले. कारणं तीन, पाणी-क्षार जाणं, उपासमार आणि इन्फेक्शन. मग 1968 च्या सुमारास अमेरिकेतले सर्जन डॉ. डड्रिक यांनी मोठ्या शिरेतून पूर्ण पोषण देऊन दाखवलं तिथून चित्र पालटलं. आता घाईने परत पोट उघडत नाहीत, आधी इन्फेक्शन आवरतात, पोषण देतात, भोक नेमकं कुठे ते बघतात, मग ठरवतात, आणि बरेचसे आपोआपही बुजतात.

प्रकार बरेच आहेत. बाहेर उघडणारा, आतल्या आत दुसऱ्या आतड्यात किंवा लघवीच्या पिशवीत उघडणारा, आणि सगळ्यात त्रासाचा म्हणजे उघड्या जखमेत तोंड असलेला, त्याला आजूबाजूला कातडीच नसते मग पिशवी चिकटवणार कशाला? पण घरच्यांनी लक्षात ठेवायचा प्रकार एकच, 24 तासांत किती येतं. 200 मिलीच्या आत कमी, 200 ते 500 मध्यम, 500 च्या वर जास्त. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी डोळ्यासमोर आणा, तेवढं रोज जात असेल तर नुसत्या पेजेवर भागत नाही, डॉक्टरांना कळवा. म्हणून पिशवी ओतताना मापाच्या मगात ओता आणि वहीत लिहा, अंदाजे नको.

लहान आतड्याचं पाणी पाचक असतं, ते कातडीसुद्धा पचवतं, दोन तासांत लाल. तेव्हा प्लेटचं, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं, भोक फिस्टुलाच्या तोंडापेक्षा 2-3 मिमीच मोठं कापा, पिशवी एक तृतीयांश भरली की ओता. आणि कृपा करून खोबरेल लावू नका! पावसात आपल्या गोव्यात घामाने तशीही प्लेट सुटते, त्यात तेल लावलं तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

येताना तोंडाचा आकार कागदावर काढून आणा, आम्ही प्लेट कापून देतो, फक्त एक ते चार दुकान बंद.