मुक्ती (मराठवाडा)

मराठवाड्यात 'मुक्ती' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पहिला सरकारी कॅलेंडरातला: १७ सप्टेंबर १९४८, निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले तो दिवस. दुसरा गावकुसाबाहेरचा. त्याला अशी एक तारीख नाही, कारण निजाम गेला तरी येसकराची (गावकीच्या महार राखणदाराची) काठी, मेलेली ढोरे ओढणे आणि पाणवठ्यावरची मनाई गेली नाही. हा दुसरा अर्थ रामरामीतही दिसतो. वाड्यापुढे वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे, तिथे मान ताठ ठेवून 'जयभीम' आले.

या अर्थाला शब्द मिळाले ते औरंगाबादच्या नागसेनवनात. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे यांनी तिथल्या काळ्या लेखकांचे वाङ्मय इकडच्या पोरांपुढे ठेवले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित लेखकांना व्यासपीठ दिले. इकडच्या दलितांचे आणि तिकडच्या काळ्यांचे नाते तसे जुनेच. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ साली आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना निघाली, ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचे नाव घेऊनच. मात्र जात म्हणजे वंश, हे आंबेडकरांना मान्य नव्हते. दोन्हीकडे सारखी होती ती वागणूक. रक्ताचा प्रश्नच नव्हता. ही तुलना करणारे पुष्कळजण नेमके हेच विसरतात.

कसोटी लागली ती एका पाटीवरून. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि गावोगाव दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ मध्ये दलित नेते जोगेंद्र कवाडे यांनी नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च काढला. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी नांदेडला स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले, तेही 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हणून, 'मराठवाडा' हा शब्द राखून. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. त्याला नाव मिळाले हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे.

दर १४ जानेवारीला औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. पुस्तकांची दुकाने लागतात. जिने कधी शाळेची पायरी चढली नाही अशी एखादी म्हातारी कमानीला हात लावते, तोच हात कपाळाला लावते आणि लेकराला वरची अक्षरे मोठ्याने वाचायला सांगते.