हलकी रिम नेमकी कुठून हलकी असावी?

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिसजवळच्या एलांकूरच्या टेकडीवर ऑलिंपिकची पुरुषांची माउंटन बाइक शर्यत झाली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे पुढचे चाक ऐन शर्यतीत पंक्चर झाले आणि चाक बदलून तो पुन्हा निघाला तेव्हा आघाडीपासून सुमारे ४० सेकंद मागे पडलेला होता. तरीही अखेरीस त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला ९ सेकंदांनी मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. सुमारे ८६ मिनिटांच्या त्या शर्यतीतले ४० आणि ९ हे दोन आकडे, शर्यतीसाठी रिम निवडायला बसलेल्या प्रत्येकाने वजनकाट्याशेजारी लिहून ठेवावेत असे आहेत.

आधी वजनाचा हिशेब करू. चाकाच्या घेरावरचा एक ग्रॅम सायकलच्या सांगाड्यावरच्या दोन ग्रॅमच्या बरोबरीचा असतो, असे सायकलपटू सर्रास म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण घेरावरचे वस्तुमान सायकलबरोबर पुढेही जाते आणि फिरतेही, त्यामुळे त्याला वेग देताना दोन्ही गतींसाठी ऊर्जा लागते. मात्र २९ इंची चाकाची बाहेरची त्रिज्या सुमारे ३७० मिलिमीटर असते, तर रिमचे वस्तुमान साधारण ३०५ मिलिमीटरवर असते. या दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग ०.६८ येतो आणि म्हणून रिमच्या बाबतीत ती दुप्पट प्रत्यक्षात १.७ पट भरते. शिवाय हा नियम फक्त वेग वाढवताना लागू होतो. एकसारख्या वेगाने चढ चढताना रिमवरचा ग्रॅम आणि खिशातल्या किल्लीचा ग्रॅम यांत काहीही फरक नाही.

आता दोन्ही रिम मिळून २०० ग्रॅम वाचवले आणि स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो आहे असे धरू. ताशी १० किलोमीटरवरून २० किलोमीटरवर जाताना या २०० ग्रॅममुळे वाचणारी ऊर्जा जेमतेम ४ ज्यूल आहे. वेग घेताना ४०० वॅट शक्ती लावणारा स्वार तेवढी ऊर्जा सेकंदाच्या शंभराव्या भागात देतो. शर्यतभर असे २०० झटके दिले, तर एकूण बचत २ सेकंदांची होते. चढावर २०० ग्रॅम म्हणजे एकूण वजनाचा पाव टक्का. ४५ मिनिटे चढण्यात गेली तर त्यातून जास्तीत जास्त ७ सेकंद वाचतात. बेरीज ९ सेकंदांची झाली. ती पिडकॉकच्या आघाडीइतकीच निघावी हा निव्वळ योगायोग आहे. पण हलक्या रिमची हौस अगदीच पोकळ नाही, एवढे त्यावरून मान्य करावे लागते. त्याच वेळी, एका पंक्चरने अशा चार शर्यतींची बचत वाहून जाते हेही नाकारता येत नाही. म्हणून रिम किती हलकी आहे या प्रश्नाइतकाच ती कुठून हलकी केली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ट्यूबलेस टायर आपल्याला स्कूटरमुळे परिचयाचा झाला आहे. स्कूटरचा टायर जाड आणि ताठ असल्यामुळे तो रिमवर स्वतःच्या बळावरही बऱ्यापैकी बसून राहतो. शर्यतीच्या माउंटन बाइकचा टायर मात्र सहाशे-सातशे ग्रॅमचा, बाजूंना चुरगळता येईल इतका मऊ असतो आणि त्यात हवा फक्त २० पीएसआयच्या आसपास असते. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम बव्हंशी रिमच्या आकाराला करावे लागते. १९९९ मध्ये फ्रान्सच्या माविक कंपनीने हचिन्सन आणि मिशलँ या टायर कंपन्यांसह यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा रिमच्या टायरकडील भिंतीला स्पोकची भोकेच ठेवली नव्हती आणि टायरलाही हवाबंद अस्तर होते. व्यवस्था चोख असली तरी वजनदार होती. पुढे टायरमध्ये लॅटेक्सचे सीलंट ओतण्याची पद्धत रुळली. बारीक भोके आपोआप बुजू लागली, रिमची भोके चिकटपट्टीने झाकता येऊ लागली आणि अस्तर नसलेला हलका टायरही चालू लागला. दोनशे ग्रॅमच्या आसपासची ट्यूब गेली, सुमारे ८० ग्रॅम सीलंट आले. पण खरा लाभ वजनाचा नव्हताच. दगडावर आदळल्यावर टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जाणारी ट्यूबच उरली नाही, त्यामुळे हवा कमी ठेवता येऊ लागली. कमी हवेचा टायर खडा स्वतःत सामावून घेतो, तर टणक टायर प्रत्येक खड्यावर स्वारासह सगळी सायकल उचलतो, आणि ती उचलण्याची ऊर्जा स्वाराच्या मांड्यांतूनच येते.

रिमचा आडवा छेद पाहिला तर तिची करामत कळते. मध्ये खोलगट पन्हळ असते, तिच्या दोन्ही बाजूंना टायरची कड बसण्याचे सपाट ओटे असतात, ओटा आणि पन्हळ यांच्यामध्ये एक बारीक उंचवटा असतो आणि बाहेर दोन उभे ओठ असतात. टायर चढवताना त्याची कड पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला ढील मिळते. नंतर हवा जोरात भरली की कड उंचवटा ओलांडून ओट्यावर येते आणि त्या वेळी ‘टक्, टक्’ असा मोठा आवाज होतो. वळणावर बाजूने जोर आला तरी तो उंचवटा कडेला परत पन्हळीत घसरू देत नाही. घसरलीच, तर ढेकर दिल्यासारखी हवा एकदम बाहेर पडते.

हे सारे मिलिमीटरच्या अंशांत चालते. एकदा एका रिमवर दुसऱ्या दिवशी हवा उतरलेली दिसली की मी सवयीने आणखी दोन वेढे चिकटपट्टी मारली आणि मग टायर काही केल्या चढेना; टायर चढवायचे प्लॅस्टिकचे दोन लिव्हर मोडले आणि अंगठ्यांची सालपटे निघाली. कारण साधे होते. ०.१५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे दोन वेढे रिमचा व्यास ०.६ मिलिमीटरने आणि परीघ जवळजवळ २ मिलिमीटरने वाढवतात, आणि टायरच्या कडेतला अ‍ॅरामिड हा बळकट कृत्रिम तंतू तेवढाही ताणला जात नाही. २९ इंची रिमचा ओट्यावरचा व्यास ६२२ मिलिमीटर असा प्रमाणित केलेला आहे, त्याचा काटेकोरपणा तेव्हा मला हातांनी समजला. हवा मुळात व्हॉल्व्हच्या बुडाशी गळत होती, ही गोष्ट वेगळी.

ओठांकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणी पाहत नाही, पण माझ्या मते खरी निवड तिथेच करायची असते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब चिमटत नसली तरी टोकदार दगडावर आदळल्यावर टायरच दगड आणि ओठ यांच्यात कातरला जातो. ओठ २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर जाड केला तर तोच आघात दीडपट क्षेत्रावर पसरतो. याची किंमतही मोजता येते: ५ मिलिमीटर उंचीच्या दोन्ही ओठांना १ मिलिमीटर जाडी वाढवायला अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ५३ ग्रॅम आणि घनता कमी असलेल्या कार्बन संमिश्रात सुमारे ३२ ग्रॅम लागतात. जाड, बोथट ओठ कार्बनच्या रिमवर अधिक दिसतात, त्यामागे हा हिशेब आहे. टायरची कड अडकवून धरणारा, ओठाच्या टोकाशी आतल्या बाजूला वळलेला हुकसारखा आकडा साच्यातून काढणे अवघड असल्यामुळे कार्बनचे ओठ बहुधा सरळ असतात, आणि २० पीएसआयला त्या आकड्याची उणीव भासत नाही.

वजन काढायचेच, तर ते ओट्यांखालच्या, स्पोककडील पेटीसारख्या पोकळ भागातून काढावे. भिंती पातळ करून फक्त स्पोकच्या भोकांभोवती धातू जाड ठेवणे, किंवा भोके मध्यरेषेपासून एका बाजूला सरकवणे हे त्यातले शहाणपणाचे मार्ग आहेत. गिअर आणि डिस्क ब्रेक यांमुळे चाकाच्या दोन बाजूंच्या स्पोकचा कोन सारखा राहत नाही, म्हणून एका बाजूचे स्पोक ताठ आणि दुसऱ्या बाजूचे सैल राहतात. भोके सरकवली की हा तणाव पुष्कळसा समान होतो आणि त्यासाठी वजन वाढवावे लागत नाही.

बैलगाडीचे चाक खालच्या आऱ्यांवर उभे असते, त्या आऱ्यांवर दाब येतो. सायकलच्या बारीक तारेवर दाब आला तर ती वाकेल. म्हणून सायकलचे सगळे स्पोक आधीच ताणून ठेवलेले असतात आणि चाकावर भार आला की खालच्या स्पोकचा ताण फक्त कमी होतो. तो शून्यावर जाऊ नये इतकी शिल्लक लागते. अतिहलक्या रिमची अडचण इथे येते: पातळ भिंत भोकांपाशी तडकू नये म्हणून उत्पादक ताणाची कमाल मर्यादा खाली ठेवतात, आणि वर टायर चढवून हवा भरली की रिम किंचित आत दाबली जाऊन उरलेला ताणही घटतो. अशा चाकाचा आऊट वारंवार काढावा लागतो. ६० किलोच्या स्वाराला हे चालून जाईल. ८५ किलोच्या स्वाराने २८ ऐवजी ३२ स्पोकची रिम घ्यावी आणि उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा गांभीर्याने पाहावी.

धातू की कार्बन, याचे एकच उत्तर नाही. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो पक्कडीने थोडाफार सरळ करून शर्यत पुरी करता येते; कार्बनला पोचा पडत नाही, तो आघात सोसतो किंवा तडकतो. कार्बन स्वस्त मुळीच नाही, आणि वर्षाला चार-पाच शर्यती खेळणाऱ्याने तो पैसा आधी चांगल्या टायरवर घालावा, असे मला वाटते. आतली रुंदी मात्र दोन्हींत पाहावी. २.४ इंची टायरला २८ ते ३० मिलिमीटर रुंदीची रिम बुडाशी पुरेशी पसरट जागा देते, तर जुन्या १९ मिलिमीटरच्या रिमवर तोच टायर कमी हवेत वळणावर डोलतो.

पुढची आणि मागची रिम एकसारखीच असली पाहिजे असाही नियम नाही. मागच्या चाकावर भार जास्त असतो, आणि पुढचे चाक स्वार दगडावरून उचलून नेतो तेव्हा मागचे त्याच दगडावर आदळते. पुढे ३८० ग्रॅमची आणि मागे ४५० ग्रॅमची, अधिक जाड ओठांची व जास्त स्पोकची रिम घेतली, तर त्या ७० ग्रॅमचा भुर्दंड वरच्याच हिशेबाने सगळ्या शर्यतीत सुमारे ३ सेकंदांचा पडतो.