आम्लाने पेशीभित्तिका विरघळत नाही

रोप वाढताना पेशी आपल्या भित्तिकेत आम्ल सोडते, त्या आम्लाने पेक्टिनमधले (भित्तिकेतल्या चिकट पदार्थातले) कॅल्शियमचे पूल तुटतात आणि भित्तिका सैल होते, असं स्पष्टीकरण आजही नोट्समधून फिरत असतं. यातला पहिला भाग खरा आहे. ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकामुळे पेशीपटलातले प्रोटॉन पंप, म्हणजे आम्लता वाढवणारे प्रोटॉन बाहेर ढकलणारी प्रथिनं, जोरात चालतात आणि भित्तिकेचा सामू (pH) ५च्या खाली जातो, म्हणजे ती आम्लधर्मी होते. आम्लवाढीची ही कल्पना १९७०च्या सुमारास मांडली गेली आणि ती टिकली.

चूक आहे ती पुढच्या भागात. ओटच्या कोवळ्या कोंबांच्या भित्तिकेतून कॅल्शियम काढून घेतलं, तरी ती आम्लात लांबते तशी लांबत नाही. काकडीच्या रोपांवरचा प्रयोग तर मला फार सुंदर वाटतो. खोडाचा मेलेला तुकडा ताणून धरून आम्लात ठेवला की तो हळूहळू लांबतो. मात्र आधी उकळला, तर त्याच आम्लात तो ढिम्म राहतो. नुसतं रसायन पूल तोडत असतं, तर उकळण्याने काय बिघडलं असतं? १९९२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या गटाने कोवळ्या भित्तिकेतून काढलेली प्रथिनं त्या उकळलेल्या तुकड्यात घातली आणि तो पुन्हा लांबू लागला. हीच एक्स्पान्सिनं. आम्ल त्यांना फक्त जागं करतं; सेल्युलोजच्या तंतूंची पकड सैल करतात ती एक्स्पान्सिनं, आणि पेशीला फुगवतो तो आतल्या पाण्याचा दाब.

कॅल्शियम निरुपयोगी नाही. पेक्टिनला ते घट्टपणा देतंच, आणि कारा या शैवालात वाढीची सूत्रं बरीचशी त्याच्याच हाती असतात.

म्हणूनच कुंडीत व्हिनेगर ओतून खोड उंच होणार नाही. भित्तिकेचा सामू पेशी स्वतः ठरवते.