अक्ष सत्तरपासून सुरू झाला की

गोव्याची साक्षरता १९९१च्या जनगणनेत ७५.५१ टक्के होती, २००१मध्ये ८२.०१ आणि २०११मध्ये ८८.७०. या तीन आकड्यांचा दहा सेंटिमीटर उंचीचा स्तंभालेख काढा. उभा अक्ष ० ते १०० ठेवला, तर स्तंभ येतात ७.६, ८.२ आणि ८.९ सेंटिमीटरचे. तोच अक्ष ७० ते ९० केला, की पहिला स्तंभ पावणेतीन सेंटिमीटरवर येतो आणि तिसरा सव्वानऊच्या वर जातो. आकडा वाढला साडेसतरा टक्क्यांनी. स्तंभ मात्र झाला ३.४ पट.

स्तंभात वाचायची असते ती उंचीच. पंचायतीच्या फलकासमोरून जाणारा माणूस आधी स्तंभ बघतो, कडेचे आकडे नंतर, आणि बरेचदा तेवढंही थांबत नाही. म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा, इथे तडजोड नको. यात दर वेळी कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही. सर्वांत लहान आकडा सर्वांत मोठ्याच्या ८३ टक्क्यांहून जास्त असला, की एक्सेल अक्षाचा तळ आपणहून वर सरकवतं. आपले आकडे नेमके त्यात बसतात. अक्षावर डबल क्लिक करून किमान मर्यादा ० करायची.

रेषालेखाला ही सक्ती नाही, तिथे चढ-उतार वाचायचा असतो. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर ३७ आणि ३९ मधला फरक कळणारच नाही.

आडवा अक्षही तपासा. गोव्यात १९७१च्या आधीची जनगणना १९६०ची, पोर्तुगीज काळातली. हे अंतर ११ वर्षांचं. इतर दशकांएवढंच आखलं, तर लोकसंख्येची रेषा आहे त्याहून जास्त चढी दिसते.

साक्षरतेची खरी अडचण वेगळीच आहे. ती शंभराच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे शून्यापासूनचे स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात, केलेली मेहनत त्यात हरवते आणि मग अक्ष कापायचा मोह होतो. त्यापेक्षा सात वर्षांवरचे किती जण निरक्षर उरले ते काढा: २४.४९, १७.९९, ११.३० टक्के. अक्ष ० ते २५ ठेवला, की स्तंभ ९.८, ७.२ आणि ४.५ सेंटिमीटरचे. वीस वर्षांत निम्म्याच्याही खाली! अक्ष कुठेही कापलेला नाही, आणि उरलेलं साडेचार सेंटिमीटरचं कामही समोर दिसतं.